खिडकीतला कप

'टापटीप माणूस' असं आम्ही त्यांना म्हणायचो. त्या शब्दाची मला आता शिसारी येते.

मी शिकवायचो त्या नाशिकच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. देवळाली कॅम्पजवळच्या बौद्ध वस्तीतून सायकलवर यायचे. बोलणं संपलं की 'असं आहे' म्हणायचे. स्टाफरूममध्ये घरून आणलेल्या स्टीलच्या कपातच चहा प्यायचे आणि तो स्वतः धुऊन खिडकीत पालथा ठेवायचे.

ऐंशीच्या सुमारास डोळ्यांची साथ आली. प्रत्येकाने आपापला कप आणावा, अशी प्राचार्यांनी नोटीस काढली. काळे गॉगल लावून आम्ही सगळे प्राध्यापक कुरकुरत होतो. मी तर वार्षिकांकासाठी लेखच लिहिला. साथीने माणूस माणसाला अस्पृश्य केला, असं त्यात होतं. स्टाफरूममध्ये तो वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

ते आपला स्टीलचा कप पुसत होते. "लेख चांगला आहे, सर," ते म्हणाले. "मी इथे लागलो त्या दिवशी शिपायाने मला कान तुटलेला, वेगळा ठेवलेला कप दिला होता. तुम्ही शेजारीच होतात. असं आहे."

मला आठवलं. मी तेव्हा पेपर तोंडासमोर धरला होता.

महिन्याभरात साथ गेली. आम्ही आपापले कप घरी नेले आणि पुन्हा कॉलेजच्या कपांतून चहा पिऊ लागलो. खिडकीत एकच कप उरला. माझा लेख छापून आला, एक शब्दही न बदलता. छापण्याआधी तो मीच तपासला होता.