न्हाणीमागं पुरलेला तुकडा

माझ्या आत्यानं स्वतःच्या फुफ्फुसाचा तुकडा न्हाणीमागं पुरला, हे मला फोनवर कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी होते. तोंडातून पहिला शब्द निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

आधीचं सांगते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढं, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वेल्ह्याच्या अलीकडं तिचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आम्ही भोरचे. दिवाळीनंतर तिला खोकला लागला तो हटेना. पुण्याच्या दवाखान्यात सुई घालून फुफ्फुसातला तुकडा काढला आणि कॅन्सर निघाला. त्या दिवसापासून गावानं तिच्या मिशरीचा पंचनामा सुरू केला. भेटायला येणारी बाई आधी तिचे काळे दात बघायची आणि मग म्हणायची, "तरी म्या सांगत हुते, मिशरी सोड." ह्यातल्या निम्म्या जणी सकाळी दारात बसून स्वतः मिशरी लावतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मिशरी चांगली असं मी म्हणत नाही, वाईटच ती. पण आजारी माणसालाच आरोपी करायची ही जी खोड आहे, तिचा मला संताप येतो. आत्याला ते पटू लागलं होतं, त्याचा तर जास्तच.

काही कॅन्सरांत जनुकाचा नेमका बिघाड सापडला तर त्यावर लागू पडणारी गोळी असते. तशी तपासणी झाली. अहवालात आलं, असा काही बिघाड आढळला नाही. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी आत्याचं वय बघितलं, वजन बघितलं आणि वडिलांना सांगितलं की केमो हिला झेपणार नाही, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. वडिलांनी मान हलवली. आमच्याकडं शिकलेल्या माणसापुढं मान हलवायची सवय फार. माझी हलत नाही. त्यापायी माझी दोन स्थळं मोडली आहेत, पण ते असो.

मी तो अहवाल परत परत वाचला, कारण गेली अकरा वर्षं मी ह्याच्याच आसपास काम करते. भोरला कुणी विचारलं, "काय करते तुमची मुलगी?" तर वडील "कॅन्सरवर संशोधन" म्हणून मोकळे होतात. खरं काम असं आहे. पेशी जनुकाची आधी एक नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल लांबलचक असते. कामाचे तुकडे थोडे, मधला मजकूर फार. पेशी मधलं कापून टाकते आणि कामाचे तुकडे जोडते. पण दर वेळी सगळेच तुकडे घेते असं नाही. कोणता घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे काही प्रथिनं ठरवतात. काही म्हणतात घे, काही म्हणतात सोड. कॅन्सरच्या पेशीत ह्या प्रथिनांचं कमीजास्त होतं, नाहीतर ती जिथं बसतात ती खूणच मोडते. मी ज्या जनुकावर काम करते, त्याचे तुकडे एका तऱ्हेनं जोडले की पेशीला मर म्हणणारं प्रथिन तयार होतं आणि दुसऱ्या तऱ्हेनं जोडले की जग म्हणणारं. कॅन्सरची पेशी कुठलं निवडते हे सांगायला नको.

आत्याच्या अहवालात फक्त डीएनए बघितला होता. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी एका जनुकाचा चौदावा तुकडाच गाळला जातो, आणि हे उतारवयात जास्त दिसतं. खूण कुठं मोडली आहे ते डीएनएत नजरेतून सुटू शकतं. आरएनएत मात्र सरळ दिसतं, तेराला थेट पंधरा जोडलेला असतो. आणि त्यावर गोळी आहे. मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बघता येईल, पण तुकडा शिल्लक हवा. ह्या वयात पुन्हा सुई घालणार नाही मी." तुकडा शिल्लक होता. मेणात बसवलेला तो ठोकळा दवाखान्यानं वडिलांकडं दिला होता, जपून ठेवा म्हणून. वडिलांनी तो जिचा तिला नेऊन दिला. आणि तिनं तो पुरला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी तिच्याकडं गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"आगं, वार पुरत्यात का न्हाई?" ती म्हणाली. "मग? देहातनं निघाल्यालं कपाटात ठिवत्यात व्हय?"

बाळंतपणात पडणारी वार आमच्याकडं घराच्या कडेला खोल पुरतात, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागू नये म्हणून. वर हळदकुंकू वाहतात. आत्यानं त्या वाडीतली कितीतरी बाळंतपणं केली आणि त्या सगळ्या वारा तिनंच पुरल्या. तिच्या लेखी तिनं रीत पाळली होती. मी भांडायच्या तयारीनं आले होते, पण कशावर भांडावं ते कळेना.

"आत्या, ते काढावं लागेल."

"पुरल्यालं उकरत न्हाईत. आन काडून करायचं काय? माज्याच मिशरीनं झालंय. भोगू दे मला."

तिथं माझा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुला? त्या बायांनी? त्यांनी आत वाकून बघितलंय? कशानं झालं ते मलाही माहीत नाही. पण आत काय मोडलंय ते त्या ठोकळ्यात आहे, आणि तो तू मातीत घातलास."

तिनं तांदळाचं सूप पुढं ओढलं. मी शेजारी बसले आणि तिला एसटीवरून समजावलं. रस्ता लांब, थांबे मोजके. कंडक्टरनं एक बेल मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की सुटते. समज, चौदाव्या थांब्यावर तपासनीस चढतो. फेऱ्या पुरे झाल्या की गाडी डेपोत लावायचं काम त्याचं. आता त्या थांब्याची पाटीच पडली तर?

"तर कंडक्टर डबल बेल दील," आत्या म्हणाली.

"आणि तपासनीस?"

"त्यो ऱ्हाईल हुबा वाटंला." सूप बाजूला ठेवून तिनं विचार केला. "मंग गाडी फिरतच ऱ्हाईल की."

"तसंच झालंय का, एवढंच बघायचंय."

ती उठली आणि आतून खुरपं घेऊन आली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "तू नगं. म्या पुरलंय, म्याच काडीन." चार वेळा खोकल्यानं थांबली, पण खुरपं सोडलं नाही. हातभर खालून लोणच्याची लहान बरणी निघाली, तोंडाला खणाचा तुकडा बांधलेली. आत हळदीत घोळलेला ठोकळा. मेण शाबूत, वरचा नंबर वाचता येत होता. खरं तर पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवला असता तर चैत्राच्या उन्हात त्याचे जास्त हाल झाले असते. मातीत तो गार राहिला.

तपासणी करणाऱ्या लॅबमधल्या माणसानं ठोकळ्यावरची पिवळी कड बघून विचारलं, "हा ठेवला कुठं होता?"

"घरी," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"जुनं मेण आहे. आरएनए तुटलेला असणार. खात्री नाही देत मी."

"खात्री मागायला नाही आले. तपासून मागायला आलेय."

तीन आठवडे मी वडिलांवर, बसवर, चहावर, सगळ्यांवर चिडत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी तिला आशा लावली होती आणि हाती काही लागलं नाही तर तिच्यासमोर जायला तोंड नव्हतं. मग अहवाल आला. तेरानंतर पंधरा. मी जिन्यात बसून रडले, नाक पुसलं आणि डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. "बरं झालं, तुम्ही ऐकलं नाहीत," ते म्हणाले. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथं संपला.

गोळी सुरू झाली. पाय सुजले, जेवणाची चव गेली आणि आत्यानं मला रोज फोनवर शिव्या घातल्या. पण खोकला उतरला. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान दिसली. ही पेशी लबाड आहे, आज ना उद्या दुसरी वाट काढेल, हे मला माहीत आहे. मी आत्यालाही तसंच सांगितलं, लपवलं नाही. "तवाचं तवा बगू," ती म्हणाली.

तिला निराधार योजनेसाठी दर वर्षी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत हयातीचा दाखला द्यावा लागतो. ह्या वर्षी वडील म्हणाले, दगदग कशाला, मी विचारून येतो कुणी घरी येईल का. आत्यानं ऐकलं नाही. सुजलेल्या पायांना तिच्या चपला होईनात, म्हणून वडिलांच्या घातल्या आणि मला घेऊन निघाली. रांगेत तिच्याच वाडीतली एक बाई उभी होती. आत्याला बघून ती एकदम म्हणाली, "आगं बया, तू हायस व्हय अजून?" आत्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. नंबर आला. कारकुनानं तिचा वाळलेला चेहरा बघितला, खुर्ची पुढं सरकवली आणि मला विचारलं, दाखला कुणाचा. मी तोंड उघडायच्या आत आत्या टेबलाला धरून पुढं झाली. खुर्चीवर बसली नाही.

"माजाच," ती म्हणाली. "हुबी हाय नव्हं तुमच्या म्होरं? लिवा. जित्ती हाय."