कुठली पिशवी?

आमच्याकडच्या बायका 'पिशवी' हा शब्द बाजाराच्या पिशवीसाठी कमी आणि पोटातल्या पिशवीसाठी जास्त वापरतात. 'तिची पिशवी काढली' म्हटलं की ऐकणारी नुसती मान हलवते, पुढं काही विचारत नाही. काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठवाड्यातून आलेली. कपडे वाळत घालता घालता कुणी सांगतं, 'माझ्या नणंदेची काढली', आणि लगेच मेथीचा भाव निघतो.

माझ्या आईची पिशवी मी चौथीत असताना काढली. त्याआधी दर महिन्याला ती आतल्या खोलीत पोटाशी उशी धरून कण्हत पडायची आणि मला बाहेर खेळायला हाकलायचे. खेळण्यात कसलं लक्ष! माझे कान सगळे त्या दाराकडे. शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं, पिशवीला गाठ आहे, ठेवली तर पुढं काहीही होईल. काहीही म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. ऑपरेशन झालं, कण्हणं थांबलं. पण त्यानंतर आई भर थंडीतसुद्धा घामानं निथळायची आणि पदरानं वारा घेत दारात बसून राहायची. हाक मारली तरी तिला ऐकू जात नसे.

ते कण्हणं मात्र घर सोडून गेलं नव्हतं. ते माझी वाट बघत होतं, असं मी आजही म्हणते. नवरा म्हणतो, काहीतरीच तुझं.

लग्नानंतर मी चाकणला एका कंपनीत लागले. गाड्यांचे रबरी पार्ट हातात घेऊन त्यांना चीर, फुगा आहे का ते बघायचं, पूर्ण शिफ्ट उभ्यानं. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कुणी पिळा घालतंय असं व्हायचं. गोळी घ्यायची आणि पुन्हा लाइनवर उभं राहायचं. एकदा बाथरूममध्ये भिंतीला टेकले होते, तेवढ्यात मला आईचं कण्हणं ऐकू आलं. अगदी तेच, शेवटी जरा वर जाणारं. बाहेर आले तर शेजारच्या टेबलावरची पोरगी विचारते, "ताई, आत कोन कन्हत होतं वो?" आत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या आठवड्यात रहाटणीला जाऊन सोनोग्राफी केली. डाव्या बाजूला मोसंबीएवढी गाठ आणि उजवीकडे एक लहान. रिपोर्टवरचं लांबलचक नाव कुणाला वाचता येईना, तेव्हा तिथल्या बाईंनी सोपं करून सांगितलं, चॉकलेट सिस्ट. नवरा हसला. "चॉकलेट?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो रिक्षात घरापर्यंत बाहेरच तोंड करून बसला. हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो तो. ट्रॅफिकमध्ये तास न् तास गप्प बसायची सवय आहे, ती त्या दिवशी कामाला आली.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ते का नव्हतं, याचं उत्तर आता कागदावर आलं होतं. मी आईला फोन केला. दुसऱ्याच दिवशी ती गावाहून येऊन दारात उभी.

ज्यांना रिपोर्ट दाखवायला गेलो त्या डॉक्टर बाई होत्या. नवरा वाकडच्या चौकात अडकलेला, म्हणून आत आम्ही दोघीच गेलो. बाई शांतपणे समजावत होत्या. पाळीचं अस्तर जिथं असू नये तिथं वाढतं, तिथंच दर महिन्याला रक्त येतं, त्याला वाट नसते, ते साठून चॉकलेटसारखं घट्ट होतं. गोळ्या घेतल्या तर दुखणं कमी होईल, पण गोळ्या चालू असेपर्यंत मूल राहणार नाही आणि एवढी मोठी गाठ गोळ्यांनी जायची खात्री नाही. सुईनं आतलं ओढून काढलं तर थोड्याच महिन्यांत पुन्हा भरतं. "नुसतं आतलं काढून भागत नाही," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीतून ऑपरेशन करून पिशवीच काढायला हवी."

आई उभी राहिली. खुर्ची मागं आपटली.

"पिशवी न्हाई काढायची. माझ्या लेकीची पिशवी मी काढू देनार न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरच्या बाकावरच्या बायका दारातून डोकावायला लागल्या. खरं सांगायचं तर दुखण्यानं मी इतकी वैतागले होते की आईच्या वरताण ओरडले, "काढा मॅडम, सगळंच काढून टाका! एकदाची सुटू द्या मला!"

आईनं माझा दंड धरला. जन्मात कधी हात न उगारलेली बाई, पण तिची बोटं रुतली. "सुटत न्हाई गं बाई," ती म्हणाली. "दुखनं तेवढं सुटतंय. बाकीचं समदं मागं लागतंय."

बाईंनी तिला खाली बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मावशी, मी मुलाच्या पिशवीचं बोलतच नाही. तिला हातसुद्धा लावणार नाही. गाठीला स्वतःची एक पातळ पिशवी असते, मी ती म्हणतेय."

"गाठीला पिशवी?"

"बटाटा उकडून सोलता ना? तसं. वरचं साल काढायचं, बटाटा ठेवायचा. बटाटा म्हणजे अंडाशय."

आईनं विचार केला. स्वयंपाकातलं उदाहरण दिलं की तिला फसवता येत नाही. "कच्चा राहिला तर सालीसंगं गर बी निघतो," ती म्हणाली.

"तोच धोका आहे," बाई म्हणाल्या. कितीही जपून सोललं तरी सालीबरोबर थोडी चांगली अंडी जातात, आणि माझ्या रक्ताच्या तपासणीत साठा आधीच कमी दिसत होता. साल न सोलता आतून जाळता येतं, त्यात नुकसान कमी होऊ शकतं, पण गाठ परत यायची भीती जास्त. सगळं अंडाशयच काढणं हा शेवटचा उपाय, रक्त थांबलंच नाही तर. आधी अंडी काढून गोठवून ठेवता येतील, असंही त्या बोलल्या. पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं, हे मी त्यांना पुढं बोलू न देताच सांगून टाकलं. त्यांचा सल्ला असा होता: डावीकडची मोठी गाठ सोलायची, उजवीकडच्या लहान गाठीच्या वाटेला जायचं नाही, म्हणजे ती बाजू तरी शाबूत राहील.

घरी आल्यावर आई जेवली नाही. नवरा हळूच म्हणाला, "आई, दोन घास खा." ती म्हणाली, "जावईबापू, तुमी खा." मग भिंतीकडे बघत, कुणाला म्हणून नाही, बोलली, "मला बी गाठच हाय म्हनले व्हते."

मी भांडी घासायला उठले. त्या वाक्यापाशी थांबायची मला हिंमत नव्हती. पण ते वाक्य नळाच्या आवाजातही ऐकू येत राहिलं. मला भाऊ होणार, असं लहानपणी सगळे सांगायचे. मी त्याच्यासाठी खेळण्यांतला निम्मा वाटा काढून ठेवायची. तो कधी आला नाही. पुढं कुणी त्याचा विषयही काढला नाही. आता ऑपरेशनच्या तारखेपर्यंत तो मला रोज दिसायला लागला, चाकणच्या बसमध्ये, पुढच्या सीटवर, पाठमोरा. शेजारी आणखी एक लहानगं बसलेलं असायचं. ते कुणाचं, हे मी स्वतःला विचारत नसे. फार भीती वाटायची.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर झोपताना मी बाईंचा हात धरला आणि म्हटलं, "मॅडम, राहू द्या हं." काय राहू द्या ते मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "प्रयत्न करते."

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि डोळे उघडत नव्हते. आवाज मात्र स्पष्ट येत होते. बाई आईला सांगत होत्या, "गाठीची पिशवी सगळी सोलून निघाली. अंडाशय ठेवलंय. थोडं गेलं असेल त्याच्याबरोबर, ते आत्ता सांगता येत नाही. मूल राहील का, तेही आत्ता सांगत नाही. पण वाट बंद केलेली नाही."

आईनं देवाचं नाव घेतलं नाही. रडलीही नाही. तिनं विचारलं, "बाई, माजं बी असंच सोलता आलं असतं का?"

मी डोळे मुद्दाम मिटूनच ठेवले.

"आता कसं सांगू मावशी," बाई म्हणाल्या. "त्या वेळी काय होतं ते मी पाहिलेलं नाही. आलंही असतं कदाचित. किती वय होतं तुमचं?"

"हिच्यापेक्षा ल्हान व्हते मी," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत मला हे कधी सुचलंच नव्हतं. दारात बसून पदरानं वारा घेणारी ती बाई माझ्याहून लहान होती. आज ती आमच्या कंपनीत असती तर मी तिला नावानं हाक मारली असती, माझ्या डब्यातलं दिलं असतं, शिफ्ट बदलून दिली असती. 'थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू,' एवढं तरी म्हटलं असतं. तिला तसं म्हणणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मला बाहेर खेळायला पाठवलं होतं.

बाई गेल्या. आईनं माझे ओठ ओल्या फडक्यानं पुसले आणि दाराशी जाऊन नर्सला विचारलं, "हिला चहा कवा देता येईल वो?"