कापलेला दीड इंच

चाप ओढला गेला, नुसतं खट् झालं, गोळी सुटलीच नाही. पण रायफलीची नळी चार बोटं खाली गेली.

"बघितलंस?" मी ईराच्या बापाला, निखिलला, विचारलं.

ईराला न सांगता मी रायफलीत खोटं काडतूस भरलं होतं. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. बार उडालाच नाही, तर नळी जागची हलायचं काही कारण नाही. ती हलली, म्हणजे धक्का बसायच्या आधीच पोरगी घाबरून अंग चोरतेय. याला आम्ही फ्लिंच म्हणतो. एकदा ही सवय लागली की भल्याभल्यांचा नेम जातो. ईरा बारा वर्षांची होती, आणि तिच्या खांद्यावर जांभळा डाग होता.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवलेला माणूस. अमेरिकेत जॉर्जियात आलो, तो डेल नावाच्या एका बंदूकवाल्याच्या दुकानात गनस्मिथ म्हणून टिकलो. बंदुका दुरुस्त करायच्या, माणसाच्या मापाच्या करून द्यायच्या, हे काम. डेल गेला तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. जिथे आपली बरीच माणसं राहतात त्या अल्फारेटाहून तासाभराच्या अंतरावर, मागे टेकडी आणि नेमबाजीची छोटी रेंज. आपली माणसं इथे क्वचितच येतात. निखिल आला तो लेकीच्या हट्टापायी.

"थर्टी-ऑट-सिक्स कुणी सांगितली हिला?" मी विचारलं. ही दांडगी रायफल. हरणच काय, अस्वलही आडवं करते, आणि मागे तसाच सणसणीत धक्का देते.

"मीच घेतली, मानेकाका. म्हटलं, वाढतं अंग आहे. दोन वर्षांत बरोबर बसेल. सारखी सारखी कुठे बदलायची यार?"

मला हसू आलं आणि रागही आला. शाळेचा गणवेश असाच घेतला जायचा आमचा. जूनमध्ये चड्डी गुडघ्याखाली आणि सदऱ्यात आणखी एक मुलगा मावेल एवढी जागा. निखिल नाशिकचा, तोही त्याच सदऱ्यांत वाढलेला. पण ढगळ सदरा कुणाला लाथ मारत नाही. रायफल मारते.

"डॅड, आय टोल्ड यू," ईरा म्हणाली. "मला टू-फिफ्टी-सेव्हनच पाहिजे. आय मेड द काडतूस मायसेल्फ. वीस."

तिने डबा उघडून दाखवला. वीस काडतुसं, रांगेत, चकचकीत. शेजारचे मिस्टर वॉल्ट ऐंशीच्या घरातले. गॅरेजमध्ये बसून वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते पुन्हा भरतात. बारूद मोजायची, गोळी बसवायची, चिठ्ठी लावायची. ईरा उन्हाळाभर त्यांच्याजवळ बसून शिकली होती. शिकारीच्या सुरक्षेची परीक्षाही पास झाली होती. शिकारीचा सीझन उघडेल त्या दिवशी ते तिला पहिल्यांदा जंगलात नेणार होते. आणि ख्रिसमसनंतर ते कायमचे मुलीकडे ॲरिझोनाला जाणार होते. म्हणजे पहिला सीझन तोच शेवटचा.

"त्यांचीच रायफल का नाही वापरत?"

"ती माझ्याहून उंच आहे, काका."

टू-फिफ्टी-सेव्हन म्हणजे पाव इंचाहून जरासं मोठं तोंड. धक्का मऊ, हरणाला पुरेशी. एके काळी घरोघरी असायची. मग नवनवी कॅलिबरं आली आणि हिला कंपन्या विसरल्या. रायफल मिळत नाही, काडतुसंही मिळत नाहीत. रायफल मिळालीच तर ती मोठ्या माणसाच्या मापाची.

माप म्हणजे काय, तेही सांगतो. रायफलीचा लाकडी दस्ता खांद्याला लागतो. त्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर नेमबाजाच्या हाताइतकं हवं. जास्त झालं की मान लांबते, डोळा दुर्बिणीला नीट लागत नाही आणि धक्का खांद्याच्या हाडावर बसतो.

"मला तीन आठवडे दे," मी म्हटलं. ईराने डबा बंद केला. तिला खात्री वाटली नव्हती, हे दिसत होतं.

पहिले दोन आठवडे फोन करण्यात गेले. होलसेलवाले हसले. टेनेसीतल्या एकाकडे होती, पण तो संग्राहक. दस्त्याला करवत लावणार म्हटल्यावर त्याने फोनच ठेवला. अलाबामातल्या एका रायफलीची नळी आतून गंजलेली निघाली. ईराचा मेसेज आला, "इट्स ओके काका, मी नेक्स्ट इयर जाईन." पुढच्या वर्षी वॉल्ट नसणार होते. तो मेसेज वाचून मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी मी मागच्या खोलीत स्क्रू शोधत होतो आणि खालचा खण उघडला.

डेलची एक शिस्त होती. लहान मुलासाठी दस्ता कापला, की कापलेला तुकडा फेकायचा नाही. त्यावर नाव लिहून खणात ठेवायचा. पोर मोठं झालं की तुकडा परत जोडून द्यायचा. पहिल्यांदा त्याने हे सांगितलं तेव्हा मला आमचे गल्लीतले शिंपी आठवले. तेही आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायचे, पुढच्या वर्षी उसवायला. माझ्या बहिणीच्या परकराला ती जुन्या घडीची रेघ कायम दिसायची.

मी तुकडे चाळायला लागलो आणि मध्येच थांबलो. जो तुकडा अजून खणात आहे, त्याची रायफल कधी लांब झालेली नाही. ती अजून कुठेतरी लहान मुलाच्याच मापाची आहे! इतकी वर्षं खणावर बसून होतो आणि फोन अलाबामाला करत होतो.

तळाशी अक्रोडाचा एक तुकडा निघाला. त्यावर माझंच मराठी अक्षर: ‘बेकी. २५७. दीड इंच. वडिलांनी पीच दिले, गोड.’ नवा होतो तेव्हा मी असंच लिहायचो. डेल त्याला माझी गुप्त लिपी म्हणायचा. माझ्या हातून अमेरिकेत कापला गेलेला पहिला दस्ता तो. मी कापायला घेतल्यावर डेल मुद्दाम कॉफी आणायला कसा निघून गेला होता, ते आठवलं. खणाशेजारी जमिनीवर बसलो थोडा वेळ. डेलची फार आठवण आली.

बेकी आता दोन गावं पलीकडे नर्स आहे. नंबर चर्चमधल्या एकाने दिला.

"ती विकायची नाही, मिस्टर माने," ती लगेच म्हणाली. "डॅडी गेले त्या वर्षापासून कपाटात आहे. मी बाहेर काढलेली नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. फोन ठेवणार, तोच तिने विचारलं, "पण कोणासाठी हवी होती?"

मी ईराचं सांगितलं. वॉल्टचं, वीस काडतुसांचं.

"उसनी देईन. पण आधी तिला बघू द्या मला," ती म्हणाली.

शनिवारी सगळे आले. रायफल मी आदल्या दिवशीच बेकीकडून आणून तपासून ठेवली होती. दुसऱ्याने भरलेली काडतुसं कुठल्याही रायफलीत डोळे मिटून घालायची नसतात. वॉल्टच्या कामाची मापं घेतली, आधी मी स्वतः पाच झाडली. मग ईराने ती खांद्याला लावली. मान सरळ, गाल लाकडावर. बेकी हाताची घडी घालून मागे उभी होती.

तिसऱ्या बाराला मी गुपचूप खोटं काडतूस भरलं.

खट्.

नळी तसूभरही हलली नाही. निखिल माझ्याकडे बघत राहिला. "काका, माझंच चुकलं," तो हळूच म्हणाला. बेकी डोळे पुसत गाडीकडे गेली; रायफल तिने ईराच्या हातातच राहू दिली.

सीझनच्या पहिल्या सकाळी वॉल्टच्या शेजारी बसून ईराने एक काडतूस वापरलं. एकच पुरलं, हरण पडलं. वॉल्टनी तिला रायफल कशी रिकामी करायची, हरणाजवळ शांतपणे कसं जायचं, ते शेवटचं शिकवलं. ती रिकामी पितळी पुंगळी तिने मला आणून दिली. वॉल्ट ठरल्याप्रमाणे जानेवारीत गेले.

या ऑगस्टमध्ये, दोन वर्षांनी, ईरा रायफल परत करायला आली. वीतभर उंच झाली आहे. निखिलने नवीन रायफल मागितली आणि वर बजावलं, "आजच्या मापाची, काका. वाढत्या अंगाची नको." मी बेकीला फोन करून रायफल न्यायला बोलावलं.

ती आली, पण रायफल तिने उचलली नाही. काउंटरवर तशीच माझ्याकडे सरकवली.

"माझा तुकडा आहे ना अजून?"

"आहे."

"मग लावून द्या. या वर्षी मी शिकारीला जाणार आहे. डॅडींच्या जागेवर."

दीड इंच लाकूड वीसेक वर्षांनी जागेवर बसवलं. इतकी वर्षं खणात राहून त्याचा रंग वेगळा पडला आहे, त्यामुळे जोड दिसतो. घासून, रंग लावून तो लपवता आला असता. मी लपवला नाही, आणि बेकीनेही तसं सांगितलं नाही.

दुकानात काम शिकायला येणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच शिकवतो: माप आजचं घ्या, आणि कापलेलं फेकू नका. खणात जागा होते.