भंडाऱ्याला गेले, नातीशी भांडून आले

सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तेव्हा मी एवढी खूश की कंडक्टरलाच सांगितलं, "माही नात सोनल वकिली शिकून राहिली. आज कॉलेजात भाषण हाये तिचं!"

"होऊ दे आजी, पयले आधार कार्ड दाखव."

तुम्हीही कार्ड जवळ ठेवा, पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही. कोंढ्यापासून अड्याळपर्यंत दोन्हीकडे धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, चाललेले, बघत जा. भंडाऱ्याच्या स्टँडवर तर्री-पोहे खा, तर्री मात्र बेतानं मागा. मला दिवसभर ठसका लागला.

तर भाषणाचा विषय: कोर्टानं राखलेला हक्क निवडून आलेल्या सभेला उलटवता यावा का? म्हटलं, हे तर आमचंच! आमच्या टोलीचं, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीचं, तलावाचं पाणी ग्रामसभेनं हात वर करून बंद केलं होतं. कोर्टानं परत दिलं. आता सरपंच पुन्हा तोच ठराव आणायला निघालाय.

आणि माझी नात उभी राहिली ती सभेच्या बाजूनं! "न्यायाधीशांना कोणी निवडून दिलं? शेवटचा शब्द लोकांचाच हवा." एक प्राध्यापक म्हणाले, एका देशात कायदेमंडळ पाच वर्षांपुरते काही हक्क बाजूला ठेवू शकते. पाच वर्षं! तोवर आम्ही धानाच्या बांधीत काय गोटे रोवायचे? लोक टाळ्या वाजवत होते, माझं डोकं भणभणत होतं.

मग सोनल मला ऑटोनं कारध्याच्या पुलावर घेऊन गेली. तिथून वैनगंगा फार छान दिसते म्हणतात. मी रागात पाहिलीच नाही.

"काहून बोलली तशी?"

"बाजू चिठ्ठी टाकून वाटल्या, मले तेच आली, आजी. पण खोटं नाही बोलली. माह्या आईले मामाएवढा वाटा देनारा कायदा कोनं केला? निवडून आलेल्याइनंच ना?"

"त्याइनं देला, हे हिसकून राहिले! आन् आपली सभा कवा लावली होती? ऐन रोवण्यात! आमचे हात चिखलात, वर कोन करन?"

ती म्हणाली, "कोर्टाचा निकाल येईपर्यंत वावर सुकलंच ना? यावेळी सभेत जाय. तेबी तुहीच हाये."

परतीच्या एसटीत मी तिचा फोन उचलला नाही.

घरी आले तर दवंडी ऐकली: उद्या ग्रामसभा. पुन्हा ऐन रोवण्यात! दुसऱ्या दिवशी टोलीतल्या साऱ्या बायांना बांधीतून तशाच उठवून नेलं. कोणी हात धुतले नाहीत. ठरावाविरुद्ध चिखलाचेच वर केले. सरपंच मोजत होता, त्याच्या सतरंजीवर चिखल गळत होता. ठराव पडला.

सोनल फोनवर नाचली, "पाय आजी, सभेनंच राखलं ना पानी?"

"राखलं, बाई. आन् पुढच्या साली माह्याकून हात वर नाही झाला तं?"