निर्मला सिस्टरचं वाण

"निर्मला गेली, ताई..." तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी लसीकरणाची यादी करत बसले होते. त्याला आता दीड महिना झाला. फुलसावंगीजवळच्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात ती सिस्टर आणि मी आशा सेविका, अशी चौदा वर्षं आम्ही एकत्र काढली. काटकुळी, ना बीपी ना शुगर, तांड्याच्या चढावर मला कायम मागे टाकणारी. अशी बाई पन्नाशीच्या आत हृदयाच्या झटक्यानं जाते, यावर गावाचा अजून विश्वास बसत नाही. माझा बसतो, कारण पहिला झटका माझ्यासमोर आला होता.

पाच वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, गरोदर बायांना तपासता तपासता ती एकदम खाली बसली. छाती दाबून धरलेली, जबडा दुखत होता, अंगाला दरदरून घाम. आणि आमच्या या हुशार सिस्टरनं काय केलं? पित्ताची गोळी घेतली! "कायले घाबरून राह्यली? सकाळपासून नुसत्या चहावर आहो मी," असं वर मलाच सुनावलं. मी तिचं काहीएक न ऐकता गाडी बोलावली. यवतमाळला डॉक्टरांनी सांगितलं, चरबी साचलेली नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीचा आतला थर आपोआप फाटलाय. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक अशाच धडधाकट बायांना. औषधांवर ती बरी झाली. पुन्हा फाटू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

कामावर परतली ती स्वतःवरच चिडून. "मी सिस्टर असून मले कळलं नाही, मंग वेचणीवाल्या बाईले कोण सांगन?" त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं वाट्या-डब्यांऐवजी काय वाण द्यावं? ईसीजी! आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गळ घालून उपकेंद्रात यंत्र आणलं, पडदा लावला, एकेकीला झोपवून कागद काढला. मी कपाळाला हात लावला.

"बाप्पा, चांगल्या बायाइचा ईसीजी काहून?"

"चांगल्या हायेत म्हणूनच. उद्या दुखलं त डॉक्टर जुना कागद बाजूले ठेवून पाहीन, काय बदललं थे."

त्या कागदावरच्या रेघा पुसट होतात, म्हणून झेरॉक्सही तिनंच काढून आणल्या. पहिल्या वर्षी बाया लाजल्या. दुसऱ्या वर्षी रांग आवरेना. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी भांडायचंच विसरले.

दुसऱ्या झटक्याला तिनं मिनिटभरही दवडलं नाही. स्वतः ओळखलं, स्वतः गाडी बोलावली. यवतमाळच्या वाटेवर, दिग्रस ओलांडल्यावर गेली... तिच्याकडून या वेळी काहीच चुकलं नव्हतं, हे मी ज्याला त्याला सांगते.

परवा एक वेचणीवाली अर्धी ओळ टाकून थेट उपकेंद्रात आली. मागून सासू, "पित्त हाय वं, चाल घरी!" सून खाटेवर आडवी झाली. "पित्त असन त असन. पयले तारा लावा." नव्या सिस्टरनं ईसीजीच्या तारा लावल्या, कागद आरोग्य केंद्रात पाठवला. डॉक्टरांनी तो जुन्या कागदाशी दोनदा ताडून पाहिला. पित्तच निघालं.

ती ओशाळली नाही. आणि तिला कोणी हसलंही नाही.