नऊ, चार आणि पोंक्षे सर

"म्हातारो गेलो रे, नऊ," सकाळी साडेसातला दत्तारामने फोनवर सांगितलं. कोण गेलं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमचे दोघांचे वडील म्हातारे होऊन केव्हाच गेले, पण 'म्हातारा' हा शब्द आम्ही कॉलेजात असल्यापासून एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तेव्हा पोंक्षे सर जेमतेम पंचेचाळिशीचे असतील. "कधी?" मी विचारलं. "काल दुपारी. बोरिवलीला, घरीच. पेपरात आलंय बघ, खाली कोपऱ्यात." मी पेपर उघडला. "शोकसभा ठेवतील. तुला बोलावतील. जा तू," तो म्हणाला. "आणि तू?" "मला कोण बोलावतोय? माझं नाव कुठे माहितीय त्यांना!" असं म्हणून तो मोठ्याने हसला. दत्तारामचं हे हसणं मला चाळीस वर्षांत कधी नीट ऐकवलेलं नाही.

त्याला तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत पोंक्षे सरांविषयी बरंच छापून आलं. सर शिस्तप्रिय होते, सर कडक पण प्रेमळ होते, सर म्हणजे फणस होते. फणस बाहेरून काटेरी असतो हे कबूल, पण म्हणून काटे असलेली प्रत्येक गोष्ट फणस असते असं नाही. मी त्या माणसाच्या वर्गात वर्षभर बसलो, पुढेही त्याच्या घरी जाऊन आलो. गरे मला कुठे दिसले नाहीत.

माझं नाव सुधीर. 'नऊ' हे नाव पोंक्षे सरांनी ठेवलेलं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी अंधेरीच्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी.ला होतो आणि गणित शिकवायला सर होते. दिवाळीआधी पहिली टर्मिनल परीक्षा झाली, पन्नास मार्कांची. सुट्टी संपवून आलो तर सरांनी मस्टर उघडलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली, "सव्वीस… अकरा… सात…" कोणालाच काही कळेना. सर शांतपणे म्हणाले, "आपापले मार्क ठाऊक नाहीत? आजपासून हीच तुमची नावं. आईबापांनी ठेवलेली घरी वापरा." प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी लाल शाईने मार्क लिहिले होते. अक्षर मात्र सुरेख, मोत्यासारखं म्हणतात तसं. सरांबद्दल मला खऱ्या मनाने बोलता येईल अशी ही एकच चांगली गोष्ट आहे, म्हणून ती इथेच सांगून टाकतो. वर्गात बारा मार्कांचे दोघं निघाले, त्यांचे 'बारा पहिला' आणि 'बारा दुसरा' झाले. सगळ्यांत जास्त एकतीस होते, ती मुलगी घाटकोपरहून यायची. कँटीनमध्ये आम्ही तिला एकतीस मॅडम म्हणायचो आणि ती बिचारी लाजायची. माझ्या नावापुढे नऊ होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या दत्ताराम परबच्या नावापुढे चार.

पुढच्या परीक्षेत मार्क वाढले तर नाव बदलणार का, असं बारा दुसऱ्याने धीर करून विचारलं होतं. सर म्हणाले, "माणसाची खरी लायकी पहिल्या पेपरात कळते. नंतरचं सगळं पाठांतर." या एका वाक्यात त्या माणसाचं शिक्षणशास्त्र संपतं. शिकवायचेही तसेच. वर्गाकडे पाठ, उजव्या हाताने लिहायचं, डाव्या हातातल्या डस्टरने मागोमाग पुसायचं, आणि मधल्या चार पायऱ्या गाळून "उघड आहे" म्हणायचं. उघड असलेलं ज्याला दिसत नाही तो मूर्ख, असा एकूण हिशेब. आम्ही सगळे दिसल्यासारख्या माना हलवायचो. मोठा झाल्यावर मला कळलं, की ज्याला मधल्या पायऱ्या समजावून सांगता येत नाहीत त्याला 'उघड आहे' फार उपयोगी पडतं.

दत्ताराम जोगेश्वरीच्या चाळीत राहायचा. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि संपामुळे घरी बसले होते. तो मराठी शाळेतून आलेला. त्या पहिल्या पेपरात दोन प्रश्नांत 'हेन्स ऑर अदरवाइज' असे शब्द होते. हे कोणीतरी दोन गणितज्ञ असावेत आणि त्यांची रीत आपल्याला शिकवायची राहून गेली, असं समजून तो ते दोन्ही प्रश्न सोडून वीस मिनिटं नुसता बसला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण मग त्याने एक डिक्शनरी मिळवली, त्यात 'यावरून किंवा दुसऱ्या रीतीने' एवढाच अर्थ निघाला, आणि त्यानंतर त्या मुलाला गणितात अडवेल असं काही राहिलं नाही. त्याच्या घरी सहा माणसं आणि एक खोली, म्हणून रविवारी आम्ही जोगेश्वरीच्या लेण्यांत जाऊन बसायचो. आत गारवा असायचा, देवीच्या दर्शनाला येणारे सोडले तर त्रास नाही. सरांनी गाळलेल्या पायऱ्या तो जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला एकेक करून भरायचा. "हे बघ नऊ, तो इथून डायरेक्ट इथे उडी मारतो. मध्ये हे तीन जिने आहेत, यार. त्यालाच माहीत नसतील कदाचित!" गणितात एम.एस्सी. करायचं आणि कॉलेजात शिकवायचं, हे त्याने तिथेच बसून ठरवलं होतं. "मी एकपण पायरी गाळणार नाय," तो म्हणायचा. मला जे काही गणित आलं ते त्या लेण्यांत आलं. पोंक्षे सरांचा त्यात काडीचा संबंध नाही.

फेब्रुवारीत दुसरी टर्मिनल झाली. पेपर हातात आला आणि माझी वाट लागली… सगळं ओळखीचं वाटत होतं, पण हात चालेना. दत्तारामने एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्वतःहून पेपर तिरका धरला. मी मागितलाही नव्हता. सहापैकी पाच उत्तरं मी जशीच्या तशी उतरवली. घाई इतकी, की त्याने लिहून खोडलेली एक ओळ मीही लिहिली आणि मीही खोडली. सहावं उत्तर उतरवायच्या आत घंटा झाली.

पंधरा दिवसांनी सर दोन पेपर हातात धरून वर्गात आले. "नऊ, उभा राहा. चार, उभा राहा." आम्ही उभे राहिलो. "पाच उत्तरं तंतोतंत एक. खोडलेली ओळसुद्धा एक. म्हणजे एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. कोणी कोणाचं?" मग सरांनी वर्गाकडे वळून विचारलं, "नऊ आणि चार यांत मोठा आकडा कुठला?" मागून कोणीतरी म्हणालं, "नऊ." "म्हणजे उघड आहे," सर म्हणाले.

आजही तो प्रसंग आठवला की माझं डोकं फिरतं. सरांच्या हातात पुरावा होता. माझ्या पेपरावर पस्तीस मार्क होते, दत्तारामच्या पेपरावर त्रेचाळीस, आणि तो लाल आकडा सरांनी स्वतःच लिहिलेला. वर्गात कोणालाही, अगदी एकतीस मॅडमलाही, न सुटलेलं सहावं गणित त्याच्या पेपरात पूर्ण सुटलेलं होतं, सगळ्या पायऱ्यांसकट. पस्तीसवाल्याचं बघून त्रेचाळीस कसे मिळतील, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. गणिताच्या प्राध्यापकाला पडला नाही. त्यांना मस्टरमधला चार तेवढा दिसत होता. उलट म्हणाले, "आणि सहावं कुठून आणलंस? घरून लिहून?"

"सर, मी नाय केली कॉपी," दत्ताराम म्हणाला. तेवढंच म्हणाला. मग सरांनी मला विचारलं, "नऊ, तूच सांग. याने तुझा पेपर बघितला?" दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, राग नव्हता, तो नुसता थांबला होता… मी खाली बेंचकडे बघितलं. बेंचवर कोणीतरी कर्कटकाने बदाम कोरला होता. "मला माहीत नाही, सर," मी म्हणालो.

सरांनी त्याच्या पेपरावर लाल काट मारली, शेजारी शून्य काढलं आणि पेपर त्याच्या अंगावर फेकला. "घरी ने. फ्रेम करून लाव." मग त्याची टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. प्रिन्सिपॉलकडे जाऊ, असं मी त्याला म्हणालो होतो. होय, असं म्हणायची हिंमत माझ्यात होती! तो म्हणाला, "जाऊन तू काय सांगणार?" आम्ही गेलो नाही. जूनमध्ये तो मरोळच्या एका वर्कशॉपात लेथवर लागला, आणि आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा चोख हिशेब करत राहिला. कॉलेजची पायरी पुन्हा चढला नाही. माझ्याशी मात्र त्याने मैत्री ठेवली, का ठेवली ते मी कधी विचारलेलं नाही. तो मला नऊ म्हणतो, मी त्याला चार म्हणतो, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही.

पोंक्षे सर मात्र काढत. मी त्यांच्यासाठी फार कामाचा निघालो होतो. 'नवाचे पस्तीस' ही गोष्ट ते पुढच्या प्रत्येक बॅचला सांगत, असं मला पुढच्या बॅचच्या मुलांकडूनच कळलं. बी.एस्सी. होऊन विमा कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. का गेलो? आईने जा म्हटलं म्हणून, हे खरं आहे आणि पुरेसं नाही. सरांनी शेजाऱ्यांना हाक मारून आणलं. "हा माझा नऊ. शून्यातून वर काढला." मग चहा पिता पिता विचारलं, "आणि रे, तो चार? तुझी कॉपी करणारा?" मी म्हटलं, "लेथवर असतो, सर." सरांनी मान डोलावली. "उघड होतं," ते म्हणाले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, माझी डिग्री हातात होती, नोकरी होती, तो माणूस माझं काही वाकडं करू शकत नव्हता. मी चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि निघालो. पोंक्षे सरांचा मला तिटकारा आहे, आणि त्या तिटकाऱ्याचा मोठा हिस्सा माझ्या स्वतःच्या वाट्याला येतो, हे मी जाणून आहे.

शोकसभेला मी गेलो. हॉल अंधेरीतच होता. सरांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार, आणि टेबलावर त्यांच्या मुलीने हौसेने मांडलेली जुनी मस्टरं. "बाबांनी एकही टाकलं नाही हो," ती सांगत होती. निवेदकाने मला बोलावलं ते 'सरांचा नऊ' म्हणूनच, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइकपाशी उभा राहिलो. समोर त्यांची बायको बसली होती, पंच्याऐंशीच्या आसपासची. मी म्हणालो, सर शिस्तप्रिय होते. मी म्हणालो, सरांचं अक्षर सुंदर होतं. दोन मिनिटांत खाली उतरलो. मस्टर उघडून बघितलं नाही.

त्या संध्याकाळी दत्तारामचा फोन आला. "काय बोललास?" "शिस्तप्रिय होते म्हणालो." "झकास," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच हसणं. फोन ठेवल्यावर मी हे लिहायला बसलो. जे एका वाक्यात वर्गात सांगायचं होतं, ते आता इतकी पानं घालून सांगतो आहे: कॉपी मी केली होती. दत्ताराम परबने नाही.

छापायला द्यायच्या आधी मी हा लेख त्याला फोनवर वाचून दाखवला. लेण्यांचा भाग आला तेव्हा नुसता "हं" म्हणाला. मी शेवटपर्यंत वाचलं.

"एक चूक आहे," तो म्हणाला. "माझे अडतीस नव्हते. त्रेचाळीस."

"नक्की?"

"सहाव्याचे पुरे आठ दिले होते त्याने. पस्तीस नि आठ किती होतात, नऊ? पेपर आहे माझ्याकडे. आईच्या ट्रंकेत होता, आता कपाटात आहे. काट मारलीय, पण खालचा आकडा साफ दिसतो. काय अक्षर होतं रे म्हाताऱ्याचं!"

मी अडतीस लिहिले होते. बेंचवर कोरलेला बदाम मला आठवत होता, खोडलेली ओळ आठवत होती, आणि त्याचे पाच मार्क चाळीस वर्षांत मी गुपचूप कापले होते. पोंक्षे सरांनी निदान सगळ्यांसमोर कापले.

लेखातला आकडा मी दुरुस्त केला आहे. दत्ताराम परब, पन्नासपैकी त्रेचाळीस.