चार बोटं ढील

किन्हवलीच्या अलीकडच्या पाड्यावर लडकूची ओळख ‘बैल नेणारा’ अशी होती, आणि ती त्याने तीस वर्षांच्या सचोटीने मिळवलेली होती. पौष पौर्णिमेला म्हसा गावची बैलांची जत्रा भरली, की शहापूर तालुक्याच्या या कोपऱ्यातले विकाऊ बैल त्याच्या टेम्पोतून मुरबाडकडे जात आणि विकत घेतलेले त्याच टेम्पोतून परत येत. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीत एकही बैल पडला नव्हता. हे तो स्वतः सांगे. कोणी विचारले नाही तरी सांगे. त्यामागचे शास्त्रही त्याच्यापाशी तयार असे. खाली भाताचा पेंढा, दावे बाजूच्या दांडीला, आणि दाव्याला चार बोटं ढील. ढील नसेल तर वळणावर बैलाला पाय सरकवून तोल सावरता येत नाही. जास्त झाली तर तो शेजारच्याला शिंग लावतो. ‘पाच बोटं का नाही?’ असा प्रश्न या शास्त्राला आजवर एकाच व्यक्तीने विचारला होता. ती म्हणजे त्याची थोरली बहीण राही.

राही बैलांची पारखी होती. ती आधी दात पाही, मग खूर दाबून बघे, आणि शेवटी बैलाला चार पावले चालवून त्याच्या मागे नुसतीच उभी राही. ती येताना दिसली, की म्हशाचे व्यापारी खोडीचा बैल गुपचूप मागच्या रांगेत नेत. दोन वर्षांपूर्वी बियाण्याचे भात काढताना ती माळ्यावरून पडली आणि कमरेखालचे बळ गेले. व्हीलचेअर आली. त्यानंतरच्या दोन्ही जत्रा तिने लडकूच्या मोबाइलवर पाहिल्या. मोबाइल हलत असे, बैल हलत असे, आणि मध्येच लडकूचा अंगठा येत असे. अशाच एका व्हिडिओच्या भरवशावर गेल्या वर्षी घेतलेला बैल दिसायला राजबिंडा होता. नांगराला जुंपला की दोन फेऱ्यांनंतर तो शांतपणे खाली बसे. पाड्याने त्याचे नाव ‘पाहुणा’ ठेवले.

यंदा दिवाळीतच राहीने जाहीर केले, “म्हशाला मी जानार. फोटो नको नि व्हिडिओ नको. नि झोपून तर नायच जानार.”

झोपून जाण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. तपासणीला नेताना तिला व्हॅनमध्ये गादीवर आडवे ठेवले होते. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात तिने व्हॅनचे छत तेवढे पाहिले. पुढच्या सीटवर बसवायचे तर दोघांनी उचलावे लागे, आणि त्यानंतर आठवडाभर तिची पाठ धरे. आता तिला स्वतःच्या खुर्चीत, पुढे तोंड करून, रस्ता बघत जायचे होते.

व्हॅन घरचीच होती. राहीचा मुलगा सुनिल कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असे; त्याने ती उंच टपाची गाडी एका शाळेकडून जुनी घेतली होती. तिच्या मागच्या दारावर अजून ‘गाडीत मुले आहेत, अंतर ठेवा’ असे लिहिलेले होते. सुनिल ते पुसायला निघाला तेव्हा राही म्हणाली होती, “ऱ्हाऊं दे. ठेवत असतील अंतर तर ठेवूं दे.”

खुर्ची बांधण्याचे काम अर्थातच लडकूकडे आले. राहीची सून रविना पाड्यावर आशाताई म्हणून काम करी. तिने खुर्चीसोबत आलेली माहितीपत्रिका त्याच्यापुढे धरली. लडकूने ती आदराने हातात घेतली, चित्रे पाहिली आणि परत केली.

“मामा, नीट वाचा तरी.”

“गो रविना, तीस वर्सं बैल नेतोय मी. बाय म्हनजे एका बैलाच्या पाव वजनाची.”

“ऐकतेय रे मी,” राही ओट्यावरून म्हणाली.

मागची सीट काढली गेली. दोन फळ्या टेकवून खुर्ची आत चढवली गेली. लडकूने खाली पेंढा पसरला, खुर्चीची मोठी चाके दोराने बाजूच्या दांड्यांना बांधली, राहीला दुसऱ्या दोराने खुर्चीला बांधले, आणि प्रत्येक दोराला बोटे लावून चार बोटं ढील मोजून दिली. मग किन्हवलीपर्यंत एक फेरी मारून बघायचे ठरले.

शाळेजवळच्या गतिरोधकावर खुर्ची चार बोटं पुढे गेली आणि चार बोटं मागे आली. पुढच्या वळणावर ती पेंढ्यावरून घसरली, चाक फिरले, चाकाबरोबर दोर गुंडाळला गेला आणि खुर्ची हळूहळू वळू लागली. राहीची पानाची चंची उडून पुढच्या काचेवर आपटली. लडकूने आरशात पाहिले, तर त्याला बहिणीचा अंबाडा दिसला. किन्हवलीच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा राही पूर्णपणे मागे तोंड करून बसलेली होती आणि मागच्या काचेतून एका रिक्षावाल्याकडे बघत होती. रिक्षावाल्याने तिला नमस्कार केला.

“पडली नाय ना पन, बाय?” लडकूने विचारले.

“पडली नाय. पन मी जातेय का येतेय, ते कलत नाय.”

घरी आल्यावर रविनाने सासूच्या मनगटावरचा दोराचा वळ पाहिला. ती ओरडली नाही. तिने शांतपणे सांगितले, “म्हसा बंद. आनि आई, वाईट वाटून घेऊ नका, आता बाहेर जायचंच बंद. आज वळ उठला, उद्या मान मोडंल.”

 राहीने खुर्ची वळवली आणि गोठ्यापाशी जाऊन ‘पाहुण्या’कडे बघत बसली. पाहुणाही बसलेलाच होता. बहीण गप्प बसली, ही घटना लडकूच्या हयातीत दुसऱ्यांदा घडत होती. पहिली वेळ ती माळ्यावरून पडली तेव्हाची. संध्याकाळी त्याने माहितीपत्रिका मागून घेतली आणि शहापूरला चांगोच्या वर्कशॉपात नेली. चांगो वेल्डर. गेटापासून नांगराच्या फाळापर्यंत तो सगळे जोडत असे, आणि जोडता जोडता माणसाचा अपमानही करत असे. त्याने पत्रिका वाचली, लडकूची हकीकत ऐकली आणि हातातली पकड खाली ठेवली.

“ढील कशाला दिलीस?”

“तोल सावरायला.”

“बैलाला चार पाय असतात ते सावरायला. खुर्चीला चार चाकं हायेत, ती पलायला. तिला सावरता येतंय का, येड्या?”

 लडकूच्या तीस वर्षांच्या शास्त्रातले हे भोक इतके साधे होते, की त्यातून स्वतः राहीही आजवर आत शिरली नव्हती.

चांगोने पत्रिकेतल्या मापाने व्हॅनच्या तळात चार कड्या बसवल्या, दोन पुढे आणि दोन मागे. नुसत्या पत्र्यात नव्हे, खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत आरपार बोल्ट नेऊन. चापाने आवळायचे चार पट्टे आले. ते चाकांना नव्हे, हात टेकायच्या दांड्यांनाही नव्हे, तर खुर्चीच्या मुख्य नळ्यांना अडकवायचे होते. माणसाचा पट्टा वेगळा ठेवला. एक कमरेवरून, एक खांद्यावरून, आणि दोन्ही गाडीलाच घट्ट. म्हणजे धक्का बसला तर माणसाला खुर्चीचे ओझे ओढावे लागू नये. पेंढा काढून टाकला.

रविनाने सगळे तपासले, पण बंदी उठवली नाही. “आधी कोनी दुसऱ्यानं बसायचं. गाडी मी चालवनार. जोरात ब्रेक मारनार.”

“कोन बसंल?” लडकूने विचारले, आणि दोन्ही बायका आपल्याकडे बघत आहेत हे त्याच्या ध्यानात आले.

लडकूला खुर्चीत बसवून फळ्यांवरून वर चढवले जात असताना पाड्याने ते पाहिले. कोणी काही विचारले नाही. लडकूचेही पाय गेले, असे सगळे परस्पर समजले. राही ओट्यावरून हुकूम देत होती.

“पट्टा पोटावर नको गो रविना, खाली घे, कमरेच्या हाडावर. पोटात त्याच्या तीन भाकऱ्या हायेत.”

“चार,” लडकू आतून म्हणाला.

“ब्रेक लाव चाकांना. आता खुर्ची हलवून बघ.”

रविनाने दोन्ही हातांनी खुर्ची हलवली. व्हॅन हलली, खुर्ची हलली नाही.

शाळेजवळच्या गतिरोधकावर रविनाने वेग कमी केला नाही. लडकूने देवाचे नाव घेतले. रिकाम्या रस्त्यावर तिने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा त्याने देवाचे नाव सोडून चांगोचे घेतले. “माझी टोपी गेली!” एवढेच नुकसान झाले. तासाभराने तो परतला, तेव्हा त्याच्या ओट्यावर चुलत्यांकडची चार माणसे बिस्किटांचा पुडा घेऊन गंभीरपणे बसली होती. तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला, तेव्हा त्यांना आनंद झाला की अडचण, हे ठरवता येत नव्हते. बिस्किटे त्यांनी ठेवून घेऊ दिली.

“हललं?” राहीने विचारले.

“खुर्ची नाय हलली, बाय. मी हललो.”

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. टेम्पो घेऊन सुनिल मागे होता, व्हॅन लडकू चालवत होता, आणि रविना राहीच्या शेजारी बसून पट्ट्यांवर पोलिसासारखी नजर ठेवून होती. पानाची चंचीसुद्धा बांधलेली होती. सरळगावच्या पुढे एक म्हैस अचानक रस्त्यावर आली. लडकूने ब्रेक दाबला. रविनाचा हात सासूच्या छातीपुढे आडवा गेला, पण त्याला काही काम उरले नव्हते. खुर्ची जागच्या जागी होती.

राहीने त्या हातावरून पुढे डोकावून रस्त्याकडे पाहिले. “दुभती हाय,” ती म्हणाली. “पन खूर वाढलेत.”

रविनाने हात मागे घेतला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आई, शिमग्याला उंबरमाळीला तुमच्या बहिनीकडं जायचं का?” राहीने मान डोलावली. लडकूने आरशात पाहिले. या खेपेला त्यात अंबाडा नव्हता, तोंड होते.

म्हशाला फळ्यांवरून खुर्ची उतरली, तेव्हा व्यापाऱ्यांच्या रांगेत हालचाल झाली. दोन बैल मागे नेले गेले. राहीने ते दोन्ही परत पुढे आणवले, त्यांना नाकारले, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका काळ्या, कमी देखण्या बैलापाशी थांबली. दात पाहिले, खूर दाबले. बैल चालवला गेला, आणि त्याच्या मागे ती आपल्या खुर्चीत बसून राहिली, नेहमीइतकाच वेळ. मग म्हणाली, “हा.”

बैल टेम्पोत चढला. सुनिलने लडकूला हाक मारली. बांधायचे काम शेवटी त्याचेच. लडकूने दावे दांडीला घेतले, पूर्ण ओढले, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी बैलाला हलवून पाहिले. टेम्पो हलला, बैल हलला नाही. त्याने समाधानाने मागे पाहिले.

“रे लडकू!” राही व्हॅनच्या दारातून ओरडली. “ढील दे त्याला! चार पाय हायेत त्याला, चार!”

लडकूने गाठ सोडली, बोटे लावली, पुन्हा मोजली. मग तो व्हॅनपाशी आला आणि खुर्चीच्या चारही पट्ट्यांखाली एकेक बोट घालून पाहिले. एकही गेले नाही.